पायपेटीची अर्धी ओळ

मित्रांनो, कोपऱ्यातल्या ज्या लाकडी वस्तूवर तुम्ही आत्ता दप्तरे टाकली आहेत, ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुनी पायपेटी आहे. दप्तरांचा मला राग आलेला नाही. माझ्यावर याआधी फुलदाण्या ठेवल्या गेल्या, ओल्या छत्र्या ठेवल्या गेल्या, एकदा तर एका मांजरीने माझ्यावर पिल्ले घातली. त्या मानाने दप्तरे सभ्यच म्हणायची.

हाताच्या पेटीला एका हाताने भाता मारावा लागतो. माझा भाता पायांनी चालतो. खाली दोन फळ्या आहेत, त्या पायांनी आळीपाळीने दाबायच्या. मग भात्यात हवा भरते आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. माझे स्वतःचे असे काहीच नाही. हवा बाहेरची, बोटे दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे. त्यामुळे कुणाच्या सुखदुःखात फार गुंतायचे नाही, अशी मला पहिल्यापासून सवय आहे. एकदाच ती मोडली. ते पुढे सांगते.

मला घडवणारा सुतार तिरसट होता. गिऱ्हाइकाने घाई केली की हत्यारे खाली ठेवून तो जांभया देत बसे. माझ्या भात्याचे कातडे त्याच्या बायकोने शिवले. शिवताना ती गुणगुणत असे आणि गाण्याच्या ठेक्यावर तिची सुई चाले. कडवे संपले की ती थांबे, धागा ओढून घट्ट करी आणि पुढचे कडवे सुरू करी. ती म्हणे, "गाणं चांगलं असलं की टाका सरळ पडतो." सुतार म्हणे, "आणि तू गायलीस की माझा रंधा वाकडा जातो." असे म्हणूनही तो रंधा थांबवून ऐकत बसे, हे मी पाहिले आहे.

पुढे एका वकिलांनी मला दिवाणखान्यासाठी नेले. त्यांच्या घरात कुणालाच वाजवता येत नव्हते. वाजवता येते असे पाहुण्यांना वाटावे, एवढेच माझे काम होते. वकिलीणबाई रोज माझ्यावर ताजी फुले ठेवत. फुलदाणीला बारीक चीर होती. तिच्यातले पाणी थेंबथेंब झिरपत भात्यापर्यंत पोचले आणि कातड्याची एक घडी कडक होऊन तडकली. बाहेरून मी चकचकीत होते. बडा घर पोकळ वासा म्हणतात, त्यातली गत. नवे सामान आले तेव्हा वकिलांनी मला या प्रार्थना-सभागृहाला देऊन टाकले. धर्माच्या गाईचे दात कोण बघतो? माझा भाता कुणीही तपासला नाही.

इथे दर आठवड्याला एका संध्याकाळी आसपासची माणसे जमत. दुकानदार, परिचारिका, छापखान्यातले कामगार, पोरेबाळे घेऊन आलेल्या आया. सगळे उभे राहून स्तोत्रे म्हणत. या सभागृहाची एक रीत होती. चाली मोजक्या आणि शब्द पुष्कळ. कुणीही नवे स्तोत्र लिहावे. ते आपल्या एखाद्या चालीत बसले की गायचे, नाही बसले की लिहिणाऱ्याला नमस्कार करून परत द्यायचे. मित्रांनो, कवितेच्या ओळीला माप असते. काही अक्षरांवर जीभ पटकन पुढे जाते, काहींवर दुप्पट वेळ टेकते. या वेळांची बेरीज दर ओळीत सारखी आली की ओळ आपल्या पायांनी चालू लागते. एकट्याने वाचताना माप थोडे चुकले तरी भागते. पण शंभर माणसांना एका तोंडाने गायचे असेल, तर ते माप हाच सगळ्यांचा हात धरणारा दोर असतो. म्हणून स्तोत्रे लिहिणाऱ्याला गवयाइतकेच कान लागतात.

आमच्याकडे असे कान घड्याळजींना होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर चाकांशी खेळत आणि मनात ओळी जुळवत. बाकाच्या कडेवर नखाने टकटक करून ते मात्रा मोजत. "शब्द कसा बसला पाहिजे? चाकाच्या दात्यात दाता अडकतो तसा," असे ते सांगत. ऐकणाऱ्याला कळो न कळो, त्यांचे सांगणे थांबत नसे.

त्यांची लेक मला वाजवत असे. दिवसा ती औषधांच्या दुकानात कामाला जाई आणि प्रार्थनेच्या संध्याकाळी इथे येई. घड्याळजींच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकू माझ्या डाव्या अंगाला, एक हात माझ्या लाकडावर टेकून उभ्या राहत. त्यांचा आवाज खालचा होता, थोडा जाडसर. गर्दीत तो वेगळा ऐकू येत नसे. पण बाकीचे आवाज त्याच्यावर टेकून उभे असत. मला तो कानांनी नाही, लाकडातून कळे.

आता माझ्या तडकलेल्या घडीची करामत ऐका. भाता भरलेला असे तोवर तिची भेग मिटलेली राही. स्तोत्राच्या दोन ओळी होईपर्यंत भाता निम्मा खाली बसे, भेग उघडे, आणि उरलेली हवा एका दमात निघून जाई. फुस्स! मी गप्प. मग लेक हात उचले, चार-सहा वेळा फळ्या दाबून मला पुन्हा भरे, आणि तिसरी ओळ सुरू होई. तेवढा वेळ अख्खे सभागृह थांबे. कुणी खोकून घेई, कुणी पोराचे नाक पुसे. नव्या माणसांना वाटे, ही मौनाची जागा असावी. ती माना खाली घालत. मला हसावे की रडावे कळत नसे.

घड्याळजींना मात्र ही जागा डोळ्यांत सलणाऱ्या कुसळासारखी वाटे. "दोन ओळी धावतात आणि मग लंगडतात," ते लेकीला म्हणत. "असं माझं घड्याळ चाललं ना, तर गिऱ्हाईक ते माझ्या डोक्यात घालेल. भाता दुरुस्त करून टाकतो एकदाचा."

"राहू द्या ना, बाबा. लोकांना सवय झालीय."

"सवय तर लंगडण्याचीही होते. म्हणून काय पाय सरळ करायचा नाही?"

लेक माझ्या पट्ट्या पुसू लागे. तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि घड्याळजींना ती ठाऊक नव्हती. काकूंना दमा होता. एवढे घड्याळजींना माहीत होते, औषधाची बाटली तेच आणत. पण काकूंचे गाणे माझ्या फुटक्या भात्यावर चालले होते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दोन ओळी काकू कशाबशा म्हणत. मग माझे फुस्स होई, मी भरून घेई आणि माझ्याबरोबर त्याही भरून घेत. त्यांची बोटे माझ्या लाकडावर घट्ट होत आणि मग सैल पडत. मी आणि त्या जोडीने दम खात होतो म्हणा ना.

एकदा सगळे गेल्यावर माझ्यापाशीच उभे राहून त्यांनी लेकीला बजावले होते, "हे त्यांना सांगायचं नाही हं. कळलं तर गाणंच बंद करतील माझं. डॉक्टर परवडला, पण हे नको. उद्यापासून घरी बसून वाफ घे म्हणतील."

"पण आई, भाता दुरुस्त झाला तर?"

"झाला तर झाला. तेव्हाचं तेव्हा बघू. आज तर गायले ना?"

त्या वर्षी सभागृहाचा वर्धापनदिन आला. त्यासाठी घड्याळजींनी एक सांजस्तोत्र लिहिले. किती दिवस ते त्याच्याशी झगडत होते. शेवटी एका दुपारी त्यांनी समोरच्या फळ्यावर ते खडूने लिहून काढले आणि मागे सरून पाहिले.

दिवस संपला, काम थांबले, मिटू लागली दारे,
तुझिया दारी आलो आम्ही, दमले थकले सारे.
एक दिवा तू ठेव उशाशी, वाट दिसू दे आम्हां,
पहाट होता पुन्हा उठू दे, पुन्हा लागु दे कामा.

यापुढे आणखी कडवी होती. प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ याच तीन शब्दांवर येऊन टेकत होती. 'दमले थकले सारे'. हे शब्द त्यांचे फार लाडके होते. "दारे, सारे. यमक बघितलंस? एक मात्रा इकडची तिकडे नाही," ते लेकीला पुन्हापुन्हा दाखवत. स्तोत्र खरेच चांगले होते. ते फळ्यावर नुसते असतानाही माझ्या पट्ट्यांना बोटांची आठवण होत होती.

लेक घरी गेल्यावर घड्याळजी थांबले. त्यांनी सोबत हत्यारांची पिशवी आणली होती. माझी मागची फळी काढून ते आत वाकले. घड्याळाच्या पट्ट्यासाठी आणलेले मऊ कातडे त्यांनी मापाने कापले, सरस लावला आणि तडकलेल्या घडीवर बसवले. हात मोठा हळुवार होता. वर्षांनुवर्षांची ठुसठुस गेली, हे नाकारत नाही. मला बरे वाटले. लेकीला आणि काकूंना चकित करायचे म्हणून त्यांनी ही गोष्ट गुलदस्त्यात ठेवली.

वर्धापनदिनाला सभागृह भरले होते. लेकीने फळ्या दाबल्या आणि तिला लगेच कळले. तिचा पाय क्षणभर अडखळला. पण गाणे सुरू झाले होते. दोन ओळी झाल्या. मी गप्प झाले नाही. तिसरी ओळ दुसरीला लागूनच निघाली, चौथी तिसरीला लागून. नेहमी बाकावर ताल धरणारे निवृत्त हेडक्लार्क आनंदाने जोरजोरात ताल देऊ लागले. सगळे सभागृह उतारावर लागल्यासारखे चालले होते. घड्याळजींचा चेहरा फुलून आला होता.

डाव्या अंगाला काय झाले ते मला एकटीला कळले. पहिले कडवे काकूंनी रेटून नेले. दुसऱ्या कडव्यात जिथे मी थांबत असे तिथे त्यांनी श्वास घ्यायला तोंड उघडले, तोवर गाणे पुढे निघून गेले होते. त्यांनी धावत गाठायचा प्रयत्न केला. एक शब्द धरला, दोन सुटले. मग त्यांची बोटे माझ्या लाकडावर घट्ट झाली आणि सैल पडलीच नाहीत. तिसऱ्या कडव्याला त्या खाली बसल्या. मित्रांनो, मला वाईट वाटले. मी इतकी वर्षे फुटकी होते आणि कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. त्या दिवशी मी धडधाकट होते आणि एक आवाज माझ्याखाली दबला.

बाहेर पडताना घड्याळजींनी विचारले, "काय, कसं झालं?"

"छान झालं," काकू म्हणाल्या. "अगदी गुळगुळीत." घड्याळजींच्या आनंदावर त्यांना विरजण घालायचे नव्हते.

त्यानंतर काकू येत राहिल्या. उभ्या राहत, ओठ हलवत. आवाज नाही. लेकीने एकदा दुसऱ्या ओळीनंतर मुद्दाम हात उचलून पाहिले, की आपण थांबलो तर लोक थांबतील. लोक थांबले नाहीत. शब्द तोंडात होते, न थांबणारा ठेका आता अंगात भिनला होता, आणि हेडक्लार्कांचा ताल चालूच होता. गाडी माझ्यावाचून पुढे गेली. वर हेडक्लार्कांनी लेकीला समजावले, "घाबरायचं नाही, पोरी. होतं असं कधीकधी."

पण घड्याळजींचे कान शेवटी घड्याळजींचेच. काही आठवड्यांनी ते बेचैन दिसू लागले. प्रार्थना संपली की रेंगाळत, माझ्यावर वाकून ऐकत. "सगळं बरोबर चाललंय, आणि काहीतरी कमी आहे," असे पुटपुटत. त्यांनी माझी मागची फळी पुन्हा काढली. सूर तपासले, पट्ट्या तपासल्या, धूळ झटकली. माणसांना काही कमी वाटले की आधी वस्तूतच दोष सापडतो. लेक शेजारी उभी होती. काकू त्या दिवशी तापाने घरी होत्या.

"खालचा कुठला तरी सूर गेलाय बघ," ते म्हणाले. "आधी असायचा. पाया असावा तसा असायचा."

लेकीला राहवले नाही. "तो पेटीतला नाहीये, बाबा. आईचा आहे."

घड्याळजी वळले.

"आई गात नाही आता. नुसते ओठ हलवते. दोन ओळींनंतर तिला श्वास घ्यावा लागतो, आणि तुमच्या गाण्यात आता श्वास घ्यायला जागाच नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तिनं शपथ घातली होती. आणि तुम्ही किती खुशीत होतात!"

ते बाकावर बसले. नखाने बाकाच्या कडेवर टकटक करत राहिले, मग ती टकटकही थांबली. पिशवीतून त्यांनी बारीक पाते काढले, माझ्या भात्याशी वाकले आणि आपणच लावलेल्या कातड्याच्या कडेला पाते टेकवले. मी म्हटले, चला, पुन्हा फुटके व्हायचे. पण पाते पुढे सरकेना. चालते यंत्र बिघडवायला त्यांचा हात धजत नव्हता. जित्याची खोड ती.

"थांबून पाहिलंस?" त्यांनी विचारले.

"पाहिलं. लोक थांबत नाहीत. शब्द आहेत तोवर लोक म्हणणारच."

"शब्द आहेत तोवर," घड्याळजी म्हणाले.

ते उठून फळ्याकडे गेले. स्तोत्र अजून तिथेच होते, त्यांच्या सुबक अक्षरात. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर त्यांनी हात ठेवला. आणि बाहीने शेवटचे तीन शब्द पुसून टाकले. मग दुसऱ्या कडव्यातले, मग तिसऱ्यातले. लेक म्हणाली, "बाबा, यमक जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे."

"मग तिथं मी काय वाजवू?"

"चाल तशीच वाजव. पुरी वाजव. फक्त म्हणायला काही नाही."

पुढच्या प्रार्थनेच्या संध्याकाळी काकू ताप उतरल्यावर आल्या आणि माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. गाणे सुरू झाले. 'तुझिया दारी आलो आम्ही', इथे शब्द संपले. लोक चपापले, फळ्याकडे पाहू लागले. हेडक्लार्कांचा हात हवेत राहिला. उरलेली चाल मी एकटीने वाजवली. त्या तेवढ्या वेळात माझ्या शेजारी एक लांब श्वास आत गेला. मग तिसरी ओळ आली आणि लाकडातून मला तो खालचा आवाज कळला. आधी चाचपडत, मग नीट. शेवटच्या कडव्यापर्यंत तो होता. घड्याळजी मागच्या बाकाशी मान खाली घालून उभे होते. ते स्वतः गात नव्हते, ऐकत होते.

प्रार्थना संपताच हेडक्लार्कांनी त्यांना गाठले. "अहो घड्याळजी, हे काय केलंत? ओळच तुटली की! यमक गेलं, मात्रा गेल्या. 'दारे'ला काहीतरी हवं ना?"

"हवं होतं खरं."

"आधी काय सुरेख होतं!"

"ते काही जमलं नव्हतं," घड्याळजी म्हणाले.

ज्यांना आयुष्यात एक मात्रा चुकलेली खपली नाही, त्यांच्याबद्दल आता गल्लीभर लोक म्हणू लागले की घड्याळजींचे वय झाले, माप चुकायला लागले. कुणी तोंडावर म्हणे, कुणी पाठीमागे. ते सगळ्यांना मान डोलावत. खरे कारण त्यांनी कधीही सांगितले नाही. काकूंना ते कळले होते का? एका संध्याकाळी लेक माझ्यावर कापड घालत होती तेव्हा काकू घड्याळजींना एवढेच म्हणाल्या, "अहो, तुमचं सगळ्यांत चांगलं स्तोत्र हेच." ते म्हणाले, "अर्धंच आहे ते." त्या म्हणाल्या, "माहितेय मला." आणि दोघे बरोबर बाहेर पडली. दारापाशी घड्याळजींनी चाल धीमी केली, कारण काकूंना पायऱ्या सावकाश उतराव्या लागत.

या गोष्टीला फार वर्षे झाली. घड्याळजी नाहीत, काकू नाहीत. लेक म्हातारी होऊन दुसऱ्या गावी गेली. सभागृहात विजेची पेटी आली. तिला भाता नाही, दम नाही, ती कधी थकत नाही. मी कोपऱ्यात आले. पण तुम्ही पाहिलेच असेल, सांजस्तोत्र आजही दुसऱ्या ओळीच्या मध्येच थांबते. का ते कुणालाच माहीत नाही. विचारले तर मोठी माणसे म्हणतात, "तसंच म्हणतात ते."

आणि तुमच्या गाण्याच्या बाईंनी तुम्हांला काय काम दिले आहे, ते मी मघाशी ऐकले. बाई भल्या आहेत, त्यांचे माप पक्के आहे. ही ओळ कुणाच्या तरी हातून अपुरी राहून गेली, असे त्यांना वाटते, आणि तसे वाटणे साहजिक आहे. 'तुझिया दारी आलो आम्ही' याच्यापुढे बसतील असे शब्द शोधा, यमक जुळवा, ज्याचे शब्द उत्तम बसतील त्याचे आपण पुढल्या वर्धापनदिनाला गाऊ, असे त्यांनी सांगितले. तुमच्यातल्या काहींनी बोटांवर मात्रा मोजायला सुरुवातही केली आहे. मला तुमचे कौतुक वाटते. तुम्हांला चांगले शब्द सुचतील, घड्याळजींच्या शब्दांहूनही चांगले सुचतील.

ते शब्द दुसऱ्या कवितेत घाला. नवे स्तोत्र लिहा, ते चालीत बसवा, मला कुणी पुसून-झटकून वाजवले तर मीही साथ देईन. पण मित्रांनो, ही एक ओळ भरू नका. तिथे पोचलात की शब्द सोडा, आणि चाल एकटी वाजत असताना शेजारी उभे असलेल्याकडे बघा. इतक्या माणसांत कुणीतरी असतेच, ज्याला तेवढा वेळ लागतो. त्याचा श्वास पुरा होऊ द्या, मग तिसरी ओळ म्हणा.